रायफल एक दिवस झकास, एक दिवस बकवास: बेंचवरून ग्रुप का फुटतो ते शोधताना

आमच्याकडे इंदूरला दर सीझनला कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतंच आणि शब्दही जवळपास तेच असतात: "दादा, मागच्या रविवारी पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जात होत्या आणि आज बघा, पेपरभर पसरल्यात, बॅरल गेली का हो?"

नाही गेली भिया. म्हणजे गेली असेलही, पण ते सगळ्यात शेवटी बघायचं. साधा विचार करा ना, खराब बॅरल किंवा मझलच्या क्राऊनवर, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या कडेवर, पडलेला टोचा रोज खराब मारतो, तो वार बघून चांगला वागत नाही. जी रायफल कधी चांगली कधी वाईट मारते तिथे काहीतरी हलतंय नाहीतर काहीतरी बदलतंय, आणि आपल्याला ते हलणारं शोधायचंय. नवीन बॅरलचे भाव विचारत बसायचं नाहीये.

पुढचं सगळं .२२ बोल्ट ॲक्शन, वर स्कोप, टेबलावर रेस्ट आणि ५० मीटर असं धरून लिहितोय. एअर रायफलवाल्यांसाठी शेवटी वेगळं आहे कारण त्यांची दुखणी वेगळी. आणि हे सांगायला लागू नये पण सांगतो, कुठल्याही स्क्रूला हात लावायच्या आधी बोल्ट बाहेर काढायचा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघायचं, आणि मारून बघायचं ते फक्त रेंजवर, शेतावर-बितावर नाही.

आधी प्रॉब्लेम आहे का ते बघा

हे कुणालाच ऐकायला आवडत नाही, पण निम्म्या केसेस इथेच संपतात. ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. समजा एखाद्या रायफलचे तीन-तीनचे ग्रुप सरासरी १५ मिमी येतात, तर त्याच रायफलमधून, कशालाही हात न लावता, एक ग्रुप ८ चा आणि पुढचा २४ चा येणं अगदी नॉर्मल आहे. आपण ८ वाल्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि २४ वाल्याला "हवा होती" म्हणून कचऱ्यात टाकतो, मग महिन्याभरानं वाटतं रायफल बिघडली. रायफल तीच आहे, फक्त त्या दिवशी नशिबानं साथ दिली होती.

आणि एक, गोळ्या वाढवल्या की ग्रुप वाढतोच. तीनच्या सरासरीपेक्षा पाचचा ग्रुप साधारण सव्वापट आणि दहाचा दीडपटीहून थोडा जास्त येतो, त्यामुळे मागच्या वेळी तीन मारल्या आणि आज दहा, तर ती तुलनाच चूक आहे. निदान पाच-पाचचे पाच ग्रुप मारा, एकही "ही मोजायची नाही" न म्हणता. मोजायचं म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा ते कडा, आणि त्यातून गोळीची जाडी ५.६ मिमी वजा. ५० मीटरला एक मिनिट (MOA, कोन मोजायचं माप) म्हणजे साधारण १४.५ मिमी धरा.

आता खरी कामाची गोष्ट. मिठाईवाल्याकडे मिळतो तसला बटर पेपर घ्या, पाचही टार्गेटांवर एकेक करून ठेवा, काळ्याच्या मध्याशी मध्य जुळवून, आणि प्रत्येक भोकाच्या मध्यावर टाचणीनं टोचा. पंचवीस टोच्यांचं एकच चित्र तयार होतं. आता बघा, प्रत्येक ग्रुप लहान आहे पण एक इकडे एक तिकडे, असं आहे का? की प्रत्येक ग्रुपच फुटलेला आहे? हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. पहिल्यात झिरो (नेम आणि गोळी जुळते ती जागा) सरकतोय, म्हणजे संशय स्कोप, तो धरणाऱ्या रिंग, स्टॉक (रायफलचा दस्ता), रेस्टची जागा आणि तापमान यांच्यावर. दुसऱ्यात संशय ॲम्युनिशन, वारा आणि टेबलामागे बसलेला माणूस. लोक दोन्हीला "ॲक्युरसी गेली" म्हणतात आणि मग चुकीच्या ठिकाणी पाना चालवतात.

जाता जाता, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मारलं ते याच ५० मीटरवर, तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं आणि तो माणूस गुडघ्यावर, झोपून आणि चक्क उभा राहून मारतो. आपण खुर्चीवर बसून, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या लावून मारतो आणि तरी रायफलला शिव्या. असो.

टेबल आणि रेस्ट

बेंचवर बसलं की माणूस समजतो आता माझा काही रोल नाही, सगळं रायफल करणार. उलट आहे. बेंचवर रायफल ज्या ज्या ठिकाणी टेकते ती प्रत्येक जागा गोळीवर परिणाम करते, आणि .२२ ची गोळी बॅरलमधून तशी निवांत बाहेर पडते, तोपर्यंत रायफल मागे सरकायला लागलेली असते. म्हणून प्रत्येक वेळी ती तशीच, त्याच जागेवरून, तेवढ्याच जोरानं सरकली पाहिजे.

सगळ्यात आधी टेबल हलवून बघा. खरंच, कोपऱ्यावर हात ठेवून दाबा आणि स्कोपमधून बघा क्रॉसहेअर (आतली फुली) किती हलतो. लोखंडी फोल्डिंग टेबलावर शेजारचा माणूस कोपर टेकवतो तेव्हासुद्धा टार्गेट नाचतं. सिमेंटचा बेंच असेल तर प्रश्नच मिटला.

मग पुढची पिशवी. ती स्टॉकच्या लाकडाखाली पाहिजे, बॅरलखाली कधीच नाही, आणि दर वेळी त्याच ठिकाणी. स्टॉकवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून ठेवा आणि पिशवीची पुढची कड रोज त्या टेपला जुळवा. चार बोटं पुढे-मागे झालं की झिरो वरखाली होतो, मी कित्येकांना हे समोर करून दाखवलंय आणि प्रत्येकाचं तोंड बघण्यासारखं होतं. तसंच पुढे जो स्लिंगचा, म्हणजे पट्टा अडकवायचा, खुंटा असतो ना, स्टॉकच्या पोटाला, तो बघा. एका मुलाच्या रायफलमध्ये दर तीन-चार गोळ्यांनंतर एक गोळी वर जायची, न चुकता वर, त्यानं दोन वेगवेगळ्या कंपनीच्या गोळ्या बदलल्या, स्कोप बदलला, तरी तेच. खाली वाकून पाहिलं तर पिशवीच्या कापडावर खुंट्यानं घासून काळा डाग पाडला होता. प्रत्येक गोळीनंतर रायफल केसभर मागे यायची, तो ती परत पुढे ढकलायचा नाही, आणि तीन-चार गोळ्यांत खुंटा पिशवीला जाऊन टेकायचा. खुंटा काढून टाकला, प्रॉब्लेम बंद.

मागची पिशवी डाव्या हातात धरून दाबत-सोडत नेम वरखाली करायचा, ठीक आहे, पण ट्रिगर दाबताना तो हात सैल पडला तर गोळी उभ्या रेषेत पसरते. पिशवी वाळूनं गच्च भरलेली हवी, अर्धी रिकामी उशी नको. आणि रायफल अशी बसली पाहिजे की हात काढून घेतले तरी क्रॉसहेअर काळ्यावरच राहील. खांद्यानं रेटून, गालानं दाबून नेम टार्गेटवर आणत असाल तर ट्रिगर सुटताक्षणी ती आपल्या मूळ जागी पळणारच. गाल फार दाबलात तर स्कोपमध्ये स्वतःची नाडीसुद्धा दिसते, दोन कडक चहा मारून आलेल्यांना जरा जास्तच.

पसरण्याचा आकार वाचा

उभी रेषा आली तर: गोळीचा वेग कमीजास्त, किंवा मागची पिशवी, किंवा पुढच्या पिशवीची जागा. वेगाचं गणित असं की ३३० मीटर प्रतिसेकंदच्या आसपास निघणारी गोळी ५० मीटरपर्यंत जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते, त्यामुळे दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक असला तर टार्गेटवर साधारण ७ मिमीचा फरक नुसता त्यामुळेच पडतो. स्वस्त डब्यात एवढा फरक सहज असतो. कुणाकडे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर वीस गोळ्या त्यावरून मारून बघा, भांडण लगेच मिटतं.

आडवी रेषा आली तर बहुतेक वारा, नाहीतर ट्रिगरवरचं बोट बाजूला ढकलतंय. तिरकी रेषा, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, म्हणजे घड्याळाच्या दहापासून चारपर्यंत अशी, तर जवळपास पक्का वाराच. उजव्या पिळाच्या बॅरलमध्ये (आतल्या खाचा उजवीकडे वळत जातात ती) उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे आणि जरा वर नेतो, डावीकडून आलेला उजवीकडे आणि जरा खाली. उलट्या दिशेनं तिरकी असेल तर मात्र वाऱ्यावर ढकलू नका, दुसरं काहीतरी आहे.

दोन वेगळे ढीग पडले, दोन्ही आपापल्या जागी घट्ट, तर काहीतरी दोन जागांवर बसतंय: स्टॉकमधली ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग), स्कोप, किंवा स्टॉकवर टेकलेलं तुमचं डोकं. गोल आणि सगळीकडे सारखं पसरलं तर आधी गोळ्या बदलून बघा.

स्क्रू, स्टॉक आणि आपला पावसाळा

ॲक्शनचे स्क्रू किती कसायचे ते रायफलच्या पुस्तिकेत असतं, तेवढेच, टॉर्क ड्रायव्हरनं. "हातानं टाइट केलंय" हा आकडा नाही. घरी एक टेस्ट करा: रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, उभी धरा, एक बोट असं ठेवा की अर्धं बॅरलवर आणि अर्धं स्टॉकच्या टोकावर, आणि दुसऱ्या हातानं पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा, मग परत कसा. बोटाखाली बॅरल स्टॉकपासून सरकल्याचं जाणवलं तर ॲक्शन स्टॉकमध्ये नीट बसत नाहीये, स्क्रू तिला वाकवून धरतोय. अशी रायफल स्क्रूच्या प्रत्येक पाव आट्याला वेगळी मारते. हे काम नंतर जाणत्या मिस्त्रीकडून बेडिंग, म्हणजे ॲक्शन स्टॉकमध्ये घट्ट आणि सपाट बसेल अशी बैठक, करून घ्यायचं, पण आजार सापडला हे काय कमी.

बॅरल फ्री-फ्लोट, म्हणजे स्टॉकला कुठे न टेकणारी, असेल तर दहाची नोट दुमडून बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवा. मे महिन्यात ती सरळ चेंबरपर्यंत जाते आणि ऑगस्टमध्ये मध्येच डाव्या बाजूला अडकते, असं आपल्या माळव्यात लाकडी स्टॉकचं होतंच, मेमध्ये हवा कोरडी ठाक आणि पाऊस लागला की लाकूड फुगतं. म्हणूनच कितीतरी लोकांची "बॅरल" जुलैत जाते आणि दिवाळीला परत येते! जिथे अडकतंय तिथे लाकूड घासून जागा करायची आणि घासलेल्या भागाला वॉर्निश परत लावायचं, नाहीतर पुढच्या पावसात तेच. सिंथेटिक किंवा ॲल्युमिनियमचा स्टॉक असेल तर हा परिच्छेद विसरा.

स्कोप

रिंग आणि स्कोपची नळी यांच्यामध्ये पेन्सिलनं एक बारीक रेघ मारून ठेवा, दोन्हीवर येईल अशी. शंभरेक गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर स्कोप सरकतोय. रिंगच्या टोप्यांचे स्क्रू बहुतेकदा २ न्यूटन-मीटरच्या आतबाहेर कसायचे असतात, त्याहून जास्त कसून नळी चेपू नका. बेसचे स्क्रू लोक विसरतात कारण ते रिंगखाली लपलेले असतात, आणि सैल नेमके तेच निघतात.

पॅरलॅक्सबद्दल, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो त्याबद्दल, मात्र थांबून वाचा. बऱ्याच जणांनी मोठ्या रायफलचा स्कोप .२२ वर चढवलेला असतो, त्याचा पॅरलॅक्स कारखान्यातून १०० यार्डला सेट असतो. ४० मिमी काचेचा असा स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा मध्यापासून पार कडेला गेला तर नेम एका बाजूला ९ मिमीपर्यंत चुकू शकतो, रायफल जागची हललेली नसताना. तपासायचं कसं, रायफल पिशव्यांवर ठेवून द्या, हात न लावता स्कोपमधून बघा आणि डोकं हळूच वरखाली, डावीउजवीकडे करा. क्रॉसहेअर टार्गेटवरून फिरायला लागला तर पॅरलॅक्स आहे. स्कोपला ॲडजस्टमेंटची रिंग असेल तर ती फिरवून हे फिरणं थांबेपर्यंत सेट करा, रिंगवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. ॲडजस्टमेंट नसेल तर गाल दर वेळी अगदी त्याच जागी, त्यासाठी स्टॉकवर फोम चिकटवा, दिसायला वाईट दिसतं पण काम करतं.

आणि स्कोपवर खरंच संशय असेल तर मित्राचा चांगला चालणारा स्कोप लावून बघणं हा एकच इलाज. आतून सुटलेला स्कोप बाहेरून ओळखू येत नाही.

गोळ्या, वारा, ऊन

एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या डब्यांत लॉट नंबर (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) वेगळा असला की ती वेगळी गोळी समजा. आपल्याकडे मॅच ॲम्युनिशन बाहेरून येतं, जे मिळेल ते घ्यावं लागतं, लॉट निवडायची चैन थोड्यांनाच, पण निदान डब्याच्या कडेवरचा नंबर टार्गेटवर लिहून ठेवायला काही पैसे पडत नाहीत. मागच्या रविवारचा लॉट आणि आजचा लॉट एकच होता का, हे विचारलं की दहातले बरेच जण डबा शोधायला लागतात. फास्ट लिहिलेल्या हाय-व्हेलॉसिटी गोळ्यांच्या नादी लागू नका, त्या आवाजाच्या वेगाच्या वर निघून वाटेत खाली येतात आणि ५० मीटरवर बहुधा सबसॉनिकपेक्षा (आवाजाच्या वेगाखाली निघणाऱ्या गोळ्यांपेक्षा) ग्रुप मोठाच देतात.

ब्रँड बदलला किंवा बॅरल साफ केली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, प्रत्येक गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि ते बॅरलमध्ये बसायला वेळ लागतो. दर शनिवारी बॅरल चकाचक घासून रविवारी ग्रुप तपासणारे स्वतःच प्रॉब्लेम तयार करतात.

दोन लॉटची तुलना करायची तर आधी एकाच्या पंचवीस आणि मग दुसऱ्याच्या पंचवीस असं करू नका, तोपर्यंत ऊन बदलतं, वारा बदलतो, तुम्ही थकता. पाच याच्या, पाच त्याच्या, परत पाच याच्या. लॉट बदलल्यावर दोन-तीन गोळ्या बाजूला मारून मग मोजायला लागायचं.

वारा ५० मीटरवर लागत नाही असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि सोडून द्या. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं नुसती हलतील एवढा, .२२ च्या सबसॉनिक गोळीला दीडेक सेंटिमीटर बाजूला नेतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दहा-साडेदहानंतर झळा आणि भोवऱ्यासारखा वारा सुरू होतो, तेव्हा टेस्टिंग करायचंच नाही, सकाळी सातला या. जुन्या कॅसेटची टेप कापून दोन काठ्यांना बांधा, एक बेंचच्या जवळ दहा-बारा मीटरवर आणि एक टार्गेटच्या अलीकडे. जवळच्या पट्टीकडे जास्त लक्ष, कारण सुरुवातीलाच वळलेली गोळी पुढे सगळं अंतर वळलेलीच जाते. आणि डबा उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. गरम गोळी वेगानं निघते, वर लागते, मेणही पातळ होतं.

तुम्ही

तुमच्यापेक्षा चांगला मारणाऱ्या कुणाला तरी तुमच्या बेंचवर, तुमच्याच गोळ्यांनी, दोन ग्रुप मारायला सांगा, आणि तुम्ही त्याच्या रायफलवर मारा. इगो बाजूला ठेवून केलं तर अर्ध्या तासात कळतं. ट्रिगरची प्रॅक्टिस घरी करायची असेल तर .२२ रिकाम्या चेंबरवर खटाखट मारू नका, बऱ्याच रायफलींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, पुस्तिकेत परवानगी असेल तरच, नाहीतर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी गोळी, वापरा. गोळी सुटल्यावर लगेच डोकं वर उचलून भोक शोधणं बंद करा, तेवढ्यानंच काहींचे फ्लायर (ग्रुपपासून लांब पडलेल्या एकट्या गोळ्या) जातात.

एअर रायफल

स्प्रिंगची .१७७ असेल तर वरचं रेस्टचं सगळं ज्ञान उलटं. स्प्रिंग सुटताना रायफल आधी मागे आणि मग झटक्यात पुढे उडी मारते आणि छर्रा अजून बॅरलमध्येच असतो. तिला वाळूच्या कडक पिशवीवर दाबून धरलं की ग्रुप फुटतो. पिशवीवर उघडा तळहात ठेवा, त्यावर स्टॉक अलगद, पकड सैल, जशी उडेल तशी उडू द्या. याच धक्क्यानं स्टॉकचे स्क्रू सतत सैल होतात, दर बैठकीला तपासा, आणि स्कोप मागे सरकू नये म्हणून स्टॉपर पाहिजेच.

पीसीपीवाल्यांनी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणारी एअर रायफल) ग्रुपच्या शेजारी प्रेशर लिहायचं. रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) नसलेल्या रायफलमध्ये टाकी फार भरली तर व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, पहिले छर्रे हळू निघतात, मधले जोरात, शेवटचे परत हळू, त्यामुळे पहिला ग्रुप खाली, मग वर, मग खाली. मधला सपाट पट्टा कुठून कुठपर्यंत ते शोधा आणि तेवढ्यातच मारा. छर्रे डब्यातून हातावर घेऊन बघा, मागचा घेर चेपलेले बाजूला काढा.

बदल एका वेळी एकच करा, आणि ग्रुप सुधारला तर तो बदल एकदा मुद्दाम उलटा करून बघा. पिशवी परत चुकीच्या जागी ठेवल्यावर ग्रुप परत फुटला तरच ते कारण होतं, नाहीतर फक्त तो दिवस चांगला होता. एवढं सगळं करून पंचवीसचं चित्र तसंच गोल आणि मोठं राहिलं, वेगळ्या स्कोपनं, वेगळ्या लॉटनं, वेगळ्या माणसानं, तर मग क्राऊन भिंगाखाली बघा, कॉटन बडवरचा कापूस कडेवरून फिरवा, धागा अडकतो का ते बघा. आणि मदत मागायला याल तेव्हा बेस्ट ग्रुपचा फोटो नको, तो बटर पेपर आणि लॉट नंबर लिहिलेली पाचही टार्गेटं घेऊन या.